फुकटची फळी, मोलाची वस्तू

सकाळी ६

चहा व्हायच्या आत कालची फळी उजेडात धरून बघते. तासगाव म्हणजे बेदाणा, आणि बेदाणा म्हणजे शीतगृहे, गोदामे, ट्रक. जिथे मालाची चढउतार होते तिथे मागच्या भिंतीला मोडकी पॅलेट्स पडलेली असतातच. मालक ती जळणाला देतात. त्यातली थोडी मी मागून आणते.

काही फळ्यांवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का डागलेला असतो. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या लाकडी बांधणीवर तो लागतो. शिक्क्यात देशाच्या खुणेबरोबर आणखी दोन अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली. तो विषारी वायू आहे. एमबीची फळी कितीही सरळ, कितीही देखणी असली तरी मी घेत नाही, कारण माझ्याकडच्या वस्तू लहान मुलांच्या हातात जातात. शिक्का नसलेल्या फळीवर तेलाचे किंवा द्राक्षांवर मारायच्या औषधाचे डाग नाहीत ना, ते बघायचे. मग चुंबक फिरवायचा. मोडून आत राहिलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही, पण चुंबकाला कळतो. असा खिळा बारीक पात्याला लागला की पाते संपलेच.

यंत्र इतक्या लवकर लावत नाही. शेजारच्या घरात बारावीचा अभ्यास चालू आहे.

सकाळी ८

सुताराचे दुकान उघडते. पॅलेटची फळी खरबरीत आणि जाड असते. तिला रंधा मारून बारा मिलिमीटरवर आणायचे काम त्याच्या मशीनवर होते, त्याचे पैसे मी रोख देते. चांगल्या कामासाठी करते म्हणून कुणाकडून फुकट काम करून घेणे मला मान्य नाही. तो मात्र सागाचे कटपीस पिशवीत भरून ठेवतो. “न्या की बाई, बंबात घालण्यापरीस बरं,” असे म्हणतो आणि त्याचे पैसे काही केल्या घेत नाही. दरवाजाच्या चौकटीतून उरलेला हातभर साग म्हणजे चार किल्लीअडक आणि एक मोबाइल स्टँड.

सकाळी ९.३०

आता खरे काम. केस घट्ट बांधलेले, पदर खोचलेला, नाकावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. हातात मोजे मुद्दाम घालत नाही, कारण मोज्याचा धागा पात्यात अडकला तर बोट ओढले जाते.

स्क्रोल सॉ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. टेबलातून एक बारीक पाते उभे वरखाली होत असते. पाच इंच लांब, दोन्ही टोकांना चिमट्यात धरलेले. मी वापरते ते ५ नंबरचे पाते रुंदीला जेमतेम एक मिलिमीटर भरते. त्यामुळे ते जागच्या जागी वळते आणि मोठ्या करवतीला अशक्य असलेली नक्षी त्यातून निघते. एरवीच्या करवतीत आपण करवत चालवतो. इथे पाते जागेवर असते आणि आपण लाकूड फिरवतो. हाताला ही सवय लागायला वेळ लागतो. लाकूड पुढे ढकलायचे नाही, पात्याला खाऊ द्यायचे. जोर लावला की पाते मागे वाकते, कापाची कड तिरकी होते आणि घर्षणाने लाकूड करपते.

श्रावणात आमच्याकडे एकच वस्तू जास्त मागितली जाते, ती म्हणजे गणपती मंदिराचे गोपूर. परशुरामभाऊ पटवर्धनांनी हे मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. पेशव्यांचे हे सरदार कर्नाटकात, म्हैसूरच्या मोहिमांत फिरलेले. दक्षिणेत पाहिलेले गोपूर त्यांनी तासगावात उभे केले, सात मजल्यांचे. आत उजव्या सोंडेचा गणपती. आजूबाजूच्या मराठी मुलखात असे गोपूर क्वचितच दिसते, म्हणून तासगावकर कुठेही गेला तरी त्याच्या मनात गावाची खूण तीच असते.

माझे चित्र कागदावर आहे. शाळेत तीस-एक वर्षे चित्रकला शिकवली, ती आता इथे कामाला येते. फळीवर आधी रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर चित्र डिंकाने चिकटवायचे, वरून पारदर्शक पॅकिंग टेप. ही वरची टेप फार कामाची आहे. तिच्यामुळे पाते कमी तापते आणि साग किंवा आंबा काळा पडत नाही. काम झाले की कागदी पट्टीसकट सगळे ओढून काढता येते, लाकडावर डिंक राहत नाही.

मग प्रत्येक खिडकीत, प्रत्येक कोनाड्यात दोन मिलिमीटरचे भोक. एकेका भोकातून पाते ओवायचे, वर चिमट्यात अडकवायचे, ताणायचे. ताण बरोबर आहे का ते बोटाने छेडून ऐकायचे. ढिले पाते भद्द वाजते, नीट ताणलेले स्वच्छ, उंच सुरात. मिरज इथून जवळच. सतारमेकर गल्लीत ताराही अशाच ऐकून जुळवतात, आणि तिथल्या कारागिरांचा हात बघून मी बरेच शिकले.

आधी आतली नक्षी, शेवटी बाहेरची कड. हा क्रम सोडायचा नाही. बाहेरची कड आधी कापली तर धरायला लाकूड उरत नाही आणि बारीक खांब थरथरून मोडतात. सगळ्यात वरचा मजला लहान, तिथल्या खिडक्यांमधली पट्टी आगपेटीच्या काडीएवढी राहते. तिथे लाकडाची शीर उभी हवी. शीर आडवी पडली तर ती पट्टी हातात येते. एका वेळी तीन पातळ फळ्या एकावर एक चिकटवून कापल्या तर एका फेरीत तीन गोपुरे निघतात आणि पातेही तेवढेच झिजते. काटकसर म्हणतात ती ही.

दुपारी १२

वीज गेली तर मला वाईट वाटत नाही. हाताची फ्रेट सॉ आहेच. यू आकाराची लोखंडी चौकट, तिच्यात तसेच पाते, आणि टेबलाला क्लँपने आवळलेली खाच पाडलेली पाटी. विजेवरच्या यंत्राच्या आधी जगभर हे काम असेच चाले, किंवा पायाने पायटा मारून. ब्रिटनमध्ये १८९५ साली ‘हॉबीज’ नावाचे साप्ताहिक निघाले, त्यात अशा कातरकामाची चित्रे मिळत आणि साधी कामकरी माणसे संध्याकाळी घरात बसून घड्याळाच्या चौकटी, फळ्या कापत. म्हणजे हा कमी खर्चाचा छंद पहिल्यापासून कमी खर्चाच्या लोकांचाच.

तासभर पॉलिश पेपर. १२० नंबरचा, मग २२०चा. खिडक्यांच्या आत बोट जात नाही, तिथे छोटी कानस.

दुपारी १

भाकरी, आमटी, अर्धा तास आडवे.

दुपारी २

वही उघडते. हा तास मी कधी चुकवत नाही.

विक्रीचे पैसे वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना वाचनपेट्या देण्यासाठी जातात. पेटीत गोष्टींची, विज्ञानाची, चरित्रांची पुस्तके. वहीत एका बाजूला खर्च लिहिते: पाती, पेपर, तेल, सुताराची रंधामजुरी, खोके. दुसऱ्या बाजूला विक्री. आणि तिसरा रकाना माझ्या मजुरीचा. तो पैसा मी घेत नाही, पण लिहिते जरूर आणि वस्तूच्या किमतीत धरते.

याचे कारण स्पष्ट सांगते. निवृत्तीवेतन घेणारी माझ्यासारखी बाई मजुरी न धरता पन्नास रुपयांना वस्तू विकू लागली, तर त्याच वस्तूवर ज्याचे घर चालते त्या कारागिराने काय करायचे? सावंतवाडीच्या चितारआळीत पिढ्यान्‌पिढ्या लाकडी फळे आणि खेळणी करणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या वस्तूची नक्कल करून ती मदतीच्या नावाखाली स्वस्तात विकणे मला चोरीसारखे वाटते. म्हणून आमचे गोपूर २५० रुपयांना आहे. घासाघीस करणाऱ्याला मी हसून सांगते की पेटीतल्या पुस्तकावर छापील किंमत असते.

दुसरी गोष्ट. ‘शाळेसाठी आहे, घ्या हो’ असे म्हणून विकायचे नाही. माणूस एकदा दयेने घेतो आणि कपाटामागे टाकतो. कड गुळगुळीत असेल, गोपूर टेबलावर डगमगत नसेल, तर तोच माणूस पुढच्या वर्षी पुण्यातल्या बहिणीसाठी आणखी दोन मागतो. पैसा कुठे जातो ते खोक्यावर छापलेले असते, तेवढे पुरे.

लेझरवाल्यांविषयी मला विचारतात. एमडीएफची जाळी लेझरने मिनिटांत निघते, मखरांसाठी ती सोयीची आहे. २३ मार्च २०१८ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखरांना काहीतरी लागणारच होते. पण लेझरची कड जळून तपकिरी होते, आणि साधे एमडीएफ पाणी लागले की फुगते. जाड सागाला, आंब्याला लेझर तितके सोपे नाही. तिथे आमचे पातेच चालते.

संध्याकाळी ५

शाळा सुटली की मुले येतात. पूर्वी कार्यानुभवाच्या तासाला जे हाताने करायचे ते आता इथे करतात. मोठ्या यंत्राला नववीच्या खाली कुणी हात लावायचा नाही. लहानांना हाताची चौकट आणि मऊ प्लाय. “बाई, माझं पातं तुटलं,” हे दर दहा मिनिटांनी. तुटू दे. पाते स्वस्त आहे, आणि ते का तुटले हे मुलगा स्वतः शोधतो: वळणावर थांबून फिरवायच्या ऐवजी त्याने ओढले.

बोटांचा नियम एकच: बोट पात्याच्या रेषेत पुढे कधीच नाही, दोन्ही बाजूंना. हा मोडला की त्या दिवशी फक्त पॉलिश पेपर.

यंदा त्यांनी रथ घेतला आहे. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, तासगावचा तीन मजली लाकडी रथ हजारो लोक दोरांनी ओढतात, गणपती मंदिरापासून काशीविश्वेश्वराच्या मंदिरापर्यंत आणि परत. गुलाल आणि पेढे उधळले जातात. मुलांच्या रथाला चाके खरी फिरणारी हवीत असा त्यांचाच हट्ट. चाकाचे गोल कापायला सगळ्यात अवघड, कारण पाते शिरेच्या बाजूने घसरते. आज एका मुलीने चार चाके इतकी सारखी कापली की मी ती सगळ्यांना हातात घेऊन बघायला लावली.

संध्याकाळी ७

तेल. जवसाचे तेल फडक्याने पातळ चोळायचे, तासाभराने पुसून काढायचे. सागाचा रंग उठतो. वापरलेले फडके चुरगळून टोपलीत टाकायचे नाही! जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, चोळामोळा फडके आपोआप पेट घेऊ शकते. आमच्या घरी ती फडकी दोरीवर पसरून वाळतात, मगच कचऱ्यात. भुसाही तेलापासून लांब, वेगळ्या पोत्यात. ते पोते शेजारी गोठ्यात आंथरायला नेतात, एमडीएफचा भुसा मात्र त्यात कधीच मिसळत नाही, त्यात डिंक असतो.

रात्री ८.३०

खोकी बांधून झाली की ‘हे’ त्यावर पत्ते लिहितात, अक्षर त्यांचे चांगले.

हे वाचून कुणाला सुरुवात करायची असेल तर यंत्र घेऊ नका. हाताची फ्रेट सॉ, डझनभर पाती, एक क्लँप आणि चहाच्या खोक्याचा प्लाय एवढ्यावर वर्षभर हात बसवा. त्यानंतरही मन लागत असेल तर चार जणांनी मिळून यंत्र घ्या आणि ते शाळेत ठेवा. आणि ज्यांच्या गोदामामागे मोडकी पॅलेट्स पडून आहेत त्यांना एक विनंती: जाळण्याआधी गावातल्या शाळेत विचारा. एचटीचा शिक्का तेवढा बघून द्या.