‘रिस्क’मध्ये खंडाचा बोनस कधी घ्यावा?

परवा कोथरूडला मित्राकडे ‘रिस्क’ या बोर्ड गेमचा डाव रंगला. एका नवख्या खेळाडूने सगळं सैन्य आशियात ओतलं. अनेकांचं असं होतं, म्हणून ही पोस्ट.

🎲 दर पाळीला आपल्या प्रदेशांच्या एक तृतीयांश सैन्य मिळतं, किमान 3. म्हणून सुरुवातीला अख्खा ऑस्ट्रेलिया खंड ताब्यात असल्याचे जादा 2 फार मोलाचे. प्रदेश 4, नाका एकच.

🎲 दक्षिण अमेरिकेचेही 2, पण नाके दोन.

🎲 आशियाचे 7 भुरळ घालतात. पण प्रदेश 12, त्यातले 5 सीमेवरचे.

बोनस पुढच्या पाळीच्या सुरुवातीला मिळतो. तोवर इतर सगळे तुटून पडतात.

तेव्हा खंड तेवढा वेळ राखता येणार असेल तरच घ्या. नाहीतर शेजाऱ्याच्या खंडातला एक प्रदेश जिंका: त्याचा बोनस बुडतो, तुम्हाला कार्ड मिळतं.