निद्रापरीक्षण केंद्राची निवड : मान्यतेचे महत्त्व

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात आहार, स्वप्न म्हणजेच निद्रा, व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. त्यामुळे निद्रेची तक्रार घेऊन येणारा रुग्ण वैद्यास नवा नाही. तथापि मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडल्याचे घरच्यांच्या लक्षात येणे, सकाळी डोके जड असणे आणि दिवसा डुलक्या येणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास केवळ अनिद्रा समजून औषधयोजना करणे उचित नव्हे. तेथे निद्राश्वासावरोधाची, म्हणजे स्लीप अॅप्नियाची, शंका घेऊन रुग्णास परीक्षणासाठी पाठवावे. औषधालयात झोपेचे औषध मागणाऱ्या अशा ग्राहकासही औषधविक्रेत्याने हाच सल्ला द्यावा. मात्र कोणत्या केंद्राकडे पाठवावे, याचा विचार क्वचितच होतो.

आकड्यामागील पद्धत

पॉलिसोम्नोग्राफी या परीक्षणात मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा ताण, श्वासाचा प्रवाह व रक्तातील ऑक्सिजन यांची रात्रभर नोंद होते. श्वास अडण्याच्या वा मंदावण्याच्या घटना दर तासाला किती, यावरून प्रौढांमध्ये ५ पासून सौम्य, १५ पासून मध्यम व ३० पासून तीव्र अशी वर्गवारी करतात.

समजा, ८ तासांच्या नोंदीत रुग्ण ६ तास झोपला व १०० घटना आढळल्या. झोपेच्या तासांनी भागल्यास आकडा सुमारे १६.७, म्हणजे मध्यम. नोंदीच्या तासांनी भागल्यास १२.५, म्हणजे सौम्य. घरी करावयाच्या अनेक चाचण्यांत मेंदूचे तरंग नोंदले जात नाहीत, म्हणून तेथे दुसरी पद्धत वापरावी लागते. तसेच श्वास मंदावल्याची घटना मोजताना ऑक्सिजनची घट ३ टक्के धरली की ४ टक्के, यानेही आकडा बदलतो. रुग्ण एकच, परंतु निदान व चिकित्सा भिन्न!

मान्यता काय साधते?

नोंदणी कायद्यासाठी असते. मान्यता मात्र केंद्राने स्वेच्छेने बाह्य तपासणीस सामोरे जाऊन मिळविलेली असते. आजच्या अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या मूळ संघटनेने १९७७ साली पहिल्या निद्राकेंद्रास मान्यता दिली. या अॅकॅडमीची मोजणीची नियमपुस्तिका २००७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या मान्यताप्राप्त केंद्रांत एकच नोंद निरनिराळ्या तंत्रज्ञांनी सारखी वाचली की नाही, हेही पडताळावे लागते. भारतात गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत एनएबीएच हे मंडळ रुग्णालयांना मान्यता देते. परंतु रुग्णालयाची मान्यता म्हणजे त्यातील निद्राविभागाच्या प्रत्येक अहवालाची हमी नव्हे.

काय विचारावे?

प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, कोणत्या सेवेसाठी व केव्हापर्यंत वैध आहे? घटना मोजण्याचा नियम अहवालात नमूद आहे काय? यंत्राने केलेली मोजणी प्रशिक्षित तंत्रज्ञाने तपासली काय? अहवालावर निद्राचिकित्सेचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची स्वाक्षरी आहे काय? परीक्षण करणारी व सीपॅप यंत्र विकणारी संस्था एकच असल्यास अधिक चौकशी करावी. स्वतः सीपॅप यंत्रे ठेवणाऱ्या औषधविक्रेत्यांनीही हा विवेक पाळावा.

मान्यता म्हणजे वैद्यकीय कौशल्याची हमी नव्हे. परंतु अहवालातील आकडा कसा आला, याचे उत्तर देण्यास ती केंद्रास बांधील करते. आधी रोगपरीक्षा, मग औषध, हा आपल्या शास्त्राचा क्रम आहे. ती परीक्षा दुसऱ्याच्या हाती सोपविताना तो हात पारखून घेणे, हे वैद्याचे कर्तव्यच होय.