ग्रँट मिळायच्या आधीची तीन वर्षं

तुमचा ग्रुप काम चांगलं करतोय, पण पैसे संपत आलेत. मग कुणीतरी म्हणतं, 'सीएसआर मागू या ना!' मागा, पण त्याआधी हे वाचा.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक मुलगी असतेच, जिच्या गूगल पेवर सगळ्यांचे पैसे येतात. वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका असो, गडावरचा कचरा खाली आणायचा असो, नाहीतर गावातल्या बंद वाचनालयाचं कुलूप उघडायचं असो. सुरुवातीला सगळं भारी चाललेलं असतं. प्रत्येकी दोनशे रुपये, वाढदिवसाचा केक रद्द, कुणाच्या तरी काकांचे पाचशे. सहा महिन्यांनी तोच हिशेब व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वर वर स्क्रोल करून शोधावा लागतो. दोघं नोकरीला लागतात, एकजण ग्रुप सोडतो आणि मग मीटिंगमध्ये ते वाक्य येतं, 'अरे, आपण एखादी ग्रँट का नाही बघत?'

बघा की. पण एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे चार महिने फुकट जाणार नाहीत. मोठी ग्रँट काम सुरू करायला जवळपास कधीच मिळत नाही. ती मिळते चाललेलं काम वाढवायला. आणि 'चाललेलं' म्हणजे कागदावर चाललेलं. बहुतेक ठिकाणी हा कागद निदान तीन वर्षांचा लागतो.

हा तीनचा आकडा येतो कुठून?

सीएसआरपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त स्वप्नं तिथंच पडतात. कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. आपण जिथं काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्या, असंही तोच कायदा म्हणतो. म्हणजे तुमचं कॉलेज चाकण, वाळूज, बुटीबोरी अशा पट्ट्यात असेल तर तुमच्या शेजारीच पैसा आहे. इथपर्यंत सगळं गोड.

आता घेणाऱ्याची बाजू बघा. कंपनी हे पैसे बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करणार असेल, तर त्या संस्थेकडे आयकर खात्याची '१२-ए' आणि '८०-जी' या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी हवी. कंपनी मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' हा फॉर्म भरून नंबर घेतलेला हवा, हे एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे. आणि अशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. तुमच्या अभ्यासिकेला आठ महिने झालेत. विषय संपला.

आणखी एक. 'आपण मॅरेथॉन घेऊ, कंपनीचा लोगो टाकू, सीएसआरमधून पैसे घेऊ' अशी आयडिया दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात निघते. एक दिवसाची मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा, जाहिरातबाजी हे सीएसआरमध्ये धरलं जात नाही, असं सरकारनं २०१४ मध्येच स्पष्ट केलंय. कंपनी त्याला पैसे देईलही, पण मार्केटिंगच्या बजेटमधून. त्यासाठी अर्ज वेगळा, भाषा वेगळी आणि भेटायचा माणूसही वेगळा.

परदेशी पैशाचं तर विचारूच नका. एफसीआरए नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. पूर्वी एक वाट होती. मोठ्या संस्था बाहेरून आलेल्या निधीतला थोडा हिस्सा छोट्या नोंदणीकृत संस्थांना पुढे देऊ शकत. २०२० च्या दुरुस्तीनं ती बंद झाली. माझ्या मते गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना गेल्या काही वर्षांत बसलेला हा सगळ्यात मोठा फटका, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली.

इथं एक खड्डा आहे, बघून चाला. तुमचा न्यू जर्सीतला मावसभाऊ शंभर डॉलर पाठवतो म्हणाला तर आधी त्याला पासपोर्ट विचारा. तो अजून भारताचा नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तेच शंभर डॉलर परदेशी देणगी होतात. मग तो सख्खा मावसभाऊ असला तरी एफसीआरए नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत.

'मग आपण संस्थाच काढू'

पुढचं वाक्य हे असतं. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी करायला सात माणसं लागतात, आणि सात तर तुम्ही आहातच. महाराष्ट्रात त्याच संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी होते. एखादा ओळखीचा वकील किंवा सीए कमी पैशांत करून देतो. उत्साहात सात सह्या होतात.

आता पुढची तीन वर्षं डोळ्यांसमोर आणा. सातपैकी दोघी बंगळुरूला, एकजण जर्मनीत, एक यूपीएससीच्या तयारीत गायब. दरवर्षी ऑडिट करायचंय. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचाय. बँकेत सही करणारा माणूस शहरात नाही. चेंज रिपोर्टवाचून वर्षानुवर्षं लटकलेल्या संस्था कुठल्याही जिल्ह्यात बघायला मिळतील. काम बंद, खातं अडकलेलं आणि आयकराच्या नोटिसा मात्र वेळेवर. म्हणून फायनल इयरला असताना घाईत संस्था काढू नका, असं मी स्पष्टच सांगेन. पास झाल्यावरही निदान तिघं-चौघं त्याच गावात राहणार आहेत, हे नक्की असेल तरच काढा.

त्यापेक्षा सोपा रस्ता आहे, आणि तो गल्लीतच आहे. तुमच्या भागात एखादं जुनं वाचनालय असेल, महिला मंडळ असेल, तालीम असेल, न्यास म्हणून नोंदलेलं गणेश मंडळ असेल. त्यांच्याकडे नोंदणी आहे, ऑडिट आहे, कदाचित ८०-जी पण आहे. नाहीये ती पंचविशीच्या आतली माणसं आणि नवीन काम. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. त्यांचा उपक्रम म्हणून तुमची अभ्यासिका चालवा. पैसे त्यांच्या खात्यात, पावती त्यांची, काम तुमचं. फक्त तोंडी ठरवू नका. एका पानावर लिहून घ्या: या उपक्रमाचं खातेपान वेगळं राहील, खर्चाला कुणाची मंजुरी लागेल, संस्था स्वतःच्या खर्चासाठी किती टक्के ठेवेल आणि उद्या तुम्ही वेगळे झालात तर उरलेल्या पैशांचं काय. अध्यक्षकाका 'अरे, आपल्यात कसलं लिहायचं' म्हणतीलच. हसून म्हणा, 'काका, ऑडिटला लागेल.'

तोवरचे पैसे

वर्गणी मागायला लाजू नका, पण रीतसर मागा. गणेशोत्सवाआधी मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करून वर्गणीची परवानगी घेतात, हे तुम्ही ऐकलं असेल. ती सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१-क खाली असते, आणि ते कलम फक्त गणपतीसाठी नाही. नोंदणी नसलेल्या कुणीही धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा केले तर त्याला ते लागू होतं. मित्रांनी आपापसात काढलेली कॉन्ट्रिब्युशन वेगळी आणि अनोळखी लोकांना क्यूआर कोड पाठवणं वेगळं.

घरोघरी थोडं थोडं मागणं ही आपल्याकडे जुनीच गोष्ट आहे. अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा मागत फिरले, टिळकांनी ते उचलून धरलं आणि त्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडेला काच कारखाना उभा राहिला. रयत शिक्षण संस्थेनं मुष्टिफंड काढला. घरटी मूठभर धान्य, आणि त्यावर मुलांची वसतिगृहं. आज ऑटो-पेवर महिन्याला शंभर रुपये देणारी ऐंशी माणसं मिळाली तर तोच प्रकार झाला. शिवाय हे पैसे कुठल्याही ग्रँटपेक्षा मोकळे असतात. झेरॉक्सला वापरा, नाहीतर फुटलेल्या ट्यूबलाइटला.

आणि देणाऱ्याला खोटं आमिष दाखवू नका. 'सर, टॅक्स वाचेल' हे वाक्य सरसकट खरं नाही. नव्या कररचनेत असलेल्या माणसाला ८०-जीची सवलत मिळत नाही. जुन्या रचनेतही २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर मिळत नाही.

५९० रुपयांचं मूल

अर्ज छोटा असो की मोठा, घोडं अडतं ते बजेटवर. 'समाजातील वंचित घटकांचा सर्वांगीण विकास' असली वाक्यं चॅटजीपीटी सगळ्यांनाच लिहून देतो, आणि अर्ज वाचणाऱ्याला ती एव्हाना पाठ झालीत. त्याला आकडे द्या.

समजा, अभ्यासिकेत ३० मुलं येतात. महिन्याचं खोलीभाडं ३,०००. वह्या, खडू, झेरॉक्स १,५००. महिन्याचे २४ दिवस दर मुलामागे १० रुपयांचा खाऊ, म्हणजे ७,२००. रोज दोन तास बसणाऱ्या वस्तीतल्याच ताईचं मानधन ६,०००. बेरीज १७,७००. तीसनं भागा, ५९० रुपये. 'एका मुलाचा एका महिन्याचा खर्च ५९० रुपये' हे एक वाक्य तुमच्या चार पानी प्रस्तावनेपेक्षा जड आहे. सोबत हजेरीवही जोडा. जूनमध्ये किती मुलं होती, फेब्रुवारीत किती उरली, गळालेली का गळाली. गळती लपवू नका. ती ओळ वाचूनच समोरच्याला वाटतं, ही पोरं खरंच तिथं जातात.

या बजेटमधल्या कुठल्या ओळीवर आधी कात्री चालते, ओळखा. ताईच्या मानधनावर. खाऊला पैसे, वह्यांना पैसे, फोटोत दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूला पैसे, पण शिकवणाऱ्या बाईनं 'सेवा' करायची. आणि आपणही घाबरून ती ओळ गाळून टाकतो. गाळू नका. ताईनं दुपारी दुसऱ्यांची धुणीभांडी करून संध्याकाळी फुकट शिकवावं, हे मागणं मला तरी पटत नाही. महाराष्ट्रात हे ओळखलेली माणसं होती. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या नटांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून पैसे जमवले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. तो निधी पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी होता. माणूस टिकला तरच काम टिकणार, एवढं साधं गणित.

तुमच्यापैकी कुणी पास झाल्यावरही हेच काम करायचं म्हणत असेल तर संस्थेऐवजी व्यक्तीला मदत करणारी दारं ठोठवा. मुंबईची अनलिमिटेड इंडिया अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांना थोडा निधी आणि मार्गदर्शन देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेला गडचिरोलीचा 'निर्माण' उपक्रम पैशासाठी नाही, पण आपल्याला हे खरंच करायचंय का, ते तिथं कळतं. रोटरीकडेही छोट्या स्थानिक कामांसाठी अनुदानं असतात. तुमच्या कॉलेजात रोटरॅक्ट असेल तर त्या पोरांना विचारा. एनएसएसच्या सरांकडे तर आधीच जायला हवं होतं.

सुरुवात या आठवड्यात करता येईल. पन्नास रुपयांचं एक रजिस्टर आणा. आजपासूनचा प्रत्येक रुपया त्यात तारीख आणि बिलासकट लिहा, चहाचाही. पैसे जमा करणारी आणि रजिस्टर लिहिणारी एकच व्यक्ती नको, म्हणजे त्या गूगल पेवाल्या मुलीवर उद्या कुणी बोट दाखवणार नाही. आणि ज्या संस्थेच्या छत्रीखाली जायचं ठरवताय, तिच्याकडे मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर पुढच्या गल्लीतली संस्था बघा.