घरातल्या मुक्या सोबत्याचे निर्बीजीकरण : निर्णय कसा घ्यावा?

मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेली की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कित्येक घरांत आजी-आजोबांच्या सोबतीस एखादे कुत्रे वा मांजर उरते. क्वचित नातवंडांच्या हट्टापायी पांढऱ्या उंदरांचा पिंजराही येतो. या सोबत्याचे निर्बीजीकरण करावे की नाही, हा प्रश्न रक्तदाब तपासून झाल्यावर मला अनेकदा विचारला जातो. शस्त्रक्रिया हे पशुवैद्यकाचे क्षेत्र. परंतु त्या निर्णयाचा घरातील वृद्धांच्या प्रकृतीशी निकटचा संबंध असल्याने हा लेख.

मनातील अढी

'मुक्या जिवाचे सुख हिरावणे पाप नव्हे काय?' ही शंका प्रामाणिक आहे. परंतु जुळ्या करडांसाठी ख्यात असलेल्या उस्मानाबादी शेळीच्या या मुलखात बोकड खच्ची करणे किंवा गोऱ्हा बडवून त्याचा बैल करणे कोणास नवे नाही. बडवण्याची जुनी रीत वेदनादायक होती. आजची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. अपत्यसुख हुकल्याची खंत ही माणसाची भावना आहे. ती प्राण्यावर लादू नये. पिले झाल्यावर त्यांना पोत्यात भरून गावाबाहेर सोडणे, हे पाप मात्र निःसंशय मोठे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीही पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनाशन व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे.

लाभ कोणते?

मांजर चार ते सहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. कुत्रीचे निर्बीजीकरण पहिल्या माजापूर्वी झाल्यास स्तनांच्या गाठींचा धोका बराच घटतो. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. उतारवयातील कुत्री माजानंतर काही आठवड्यांत फार पाणी पिऊ लागली, खाणे सोडले, उलट्या करू लागली किंवा मागून स्राव दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावी. तेथे विचार करीत बसण्यास वेळ नसतो.

नराच्या बाबतीत भटकणे आणि माद्यांवरून होणारी भांडणे कमी होतात. भांडणातील चाव्यांतूनच रेबीज घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो, हे ध्यानी घ्यावे. मात्र निर्बीजीकरण म्हणजे लसीकरण नव्हे. रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावीच लागते. कुत्रा राखण करीत नाही, हा समज निराधार आहे. वजन वाढते हे खरे. म्हणून आहार थोडा कमी करावा.

कोठे थांबावे?

भूल देण्यात अल्प का होईना, धोका असतो. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वयस्क प्राण्याची आधी तपासणी व्हावी. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत फार लवकर केलेली शस्त्रक्रिया सांध्यांना बाधक ठरू शकते. योग्य वय पशुवैद्यकासच विचारावे.

उंदरांची गोष्ट निराळी. मादी पाच-सहा आठवड्यांची होताच गाभण राहू शकते आणि सुमारे तीन आठवड्यांत विते. एका वेतास आठ-दहा पिले सहज होतात. परंतु उंदराचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे. नर व माद्यांचे पिंजरे वेगळे ठेवले की प्रश्न बहुधा सुटतो. नर फार भांडत असतील किंवा नर-मादी एकत्रच ठेवावयाचे असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. माद्यांत स्तनांच्या गाठी वारंवार होतात आणि लहान वयातील शस्त्रक्रियेने त्यांचा धोका घटतो, हाही एक मुद्दा आहे. मात्र इतक्या लहान जिवास भूल देण्याचा अनुभव असलेला पशुवैद्यक मिळेल तरच पुढे जावे. उंदरास उलटी होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्या-मांजरांप्रमाणे त्याला दीर्घकाळ उपाशी ठेवू नये. शस्त्रक्रियेनंतर नर काही आठवडे माद्यांपासून दूरच ठेवावा.

तुमची प्रकृतीही मोजा

नराची शस्त्रक्रिया सोपी. मादीचे पोट उघडावे लागते. त्यानंतर दहा ते चौदा दिवस टाके जपावे लागतात, जनावर जखम चाटणार नाही व उड्या मारणार नाही हे पाहावे लागते. गुडघे दुखणाऱ्या वा तोल जाणाऱ्या व्यक्तीने ते एकटीने उचलू नये. रक्त पातळ करणारी औषधे, स्टेरॉइड किंवा मधुमेहाचे उपचार घेणाऱ्यांनी ओरखड्यांपासून विशेष जपावे आणि जखमेची देखभाल दुसऱ्याकडे सोपवावी. मुले सुटीस घरी असतील तो पंधरवडा त्यासाठी उत्तम.

कुत्रा किंवा मांजर चावले, ओरबाडले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस विनामूल्य मिळते. हळद-चुना लावू नये. उंदीर चावल्यावरही जखम धुऊन दाखवावी आणि नंतर ताप आल्यास चाव्याची गोष्ट डॉक्टरांना सांगावी. पिंजरा साफ करताना हातमोजे घालावेत.

निर्णयापूर्वी

पुढील चार प्रश्नांची उत्तरे घरात बसून द्यावीत. नर-मादी एकत्र येण्याचा संभव आहे काय? प्राण्याचे वय व प्रकृती भुलीस योग्य आहे काय? शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे कोण सांभाळील? आणि पिले झाल्यास ती कोठे जातील? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रथम विचारणा करावी. अवघड प्रसंगी शेजारच्या लातूर जिल्ह्यातील उदगीरचे वा परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निरोगी कुत्र्या-मांजरांसाठी माझे मत शस्त्रक्रियेच्या बाजूचे आहे. उंदरांसाठी सबळ कारण असेल तरच. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत निर्णय लांबणीवर टाकू नये.