लेकीने गुंडाळलेला बिछाना

बाप लेकीच्या घरी आला होता. मक्केहून मदिनेपर्यंतचा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा प्रवास, तोही उंटावरून. वय साठीच्या पुढे झुकलेले. आणि भेट अनेक वर्षांनी होत असलेली. आपल्याकडे अशा वेळी लेक काय करील? पायांवर पाणी देईल, सतरंजी झटकून अंथरील, चुलीकडे धावेल. या लेकीने नेमके उलटे केले. बाप बिछान्यावर टेकणार, एवढ्यात तिने तो पटकन गुंडाळून बाजूला ठेवला.

म्हातारा चमकला. बिछाना आपल्याला शोभत नाही म्हणून हिने उचलला, की आपण बिछान्याला शोभत नाही म्हणून? त्याने तसे विचारलेही. लेकीने आडपडदा ठेवला नाही. बिछाना पैगंबरांचा होता आणि बाप मूर्तिपूजक होता. माझ्यापासून दूर गेल्यावर तुला काहीतरी बाधले आहे, एवढे बोलून बाप बाहेर पडला.

लेकीचे नाव रमला. इतिहास तिला उम्म हबीबा म्हणून ओळखतो. ती महंमद पैगंबरांची पत्नी. बाप म्हणजे अबू सुफियान, मक्केच्या कुरैश टोळीचा म्होरक्या. याच जावयाविरुद्ध त्याने तोवर दोन मोठ्या लढाया चालवल्या होत्या.

इस्लामच्या विरोधकांचा विषय निघाला की अबू जहल आणि अबू लहब ही नावे आधी पुढे येतात. दोघेही कडवे, आणि दोघेही सन ६२४ मध्येच संपले. मला मात्र ओढ वाटत आली ती अबू सुफियानची, कारण तो मुळात व्यापारी होता. सारी नोकरी बँकेत गेली. कर्जाच्या अर्जांमागची माणसे पाहिली. अडतीवरच्या व्यापाऱ्याचा चेहरा मला तेराशे-चौदाशे वर्षांपलीकडूनही ओळखू येतो.

मक्केत शेती पिकत नव्हती. गाव जगत होते दोन गोष्टींवर : काबा हे देवस्थान आणि व्यापारी तांडे. हिवाळ्यात तांडे येमेनकडे जात, उन्हाळ्यात शामकडे, म्हणजे आजच्या सीरिया-जॉर्डनच्या मुलखात. मसाल्यांनी आणि रेशमाने लादलेले उंट ही आपल्या डोळ्यांपुढची चित्रे. पण पॅट्रिशिया क्रोन या अभ्यासक बाईंनी १९८७ साली एक अख्खे पुस्तक लिहून त्यांना सुरुंग लावला. त्यांच्या मते माल साधासुधाच होता, कातडी आणि कापडचोपड. ते काही असो. तांडा निघाला की गावातल्या बहुतेक घरांचा त्यात हिस्सा असे. अशा गावात जेव्हा एक माणूस उठून म्हणतो, की ईश्वर एकच आणि काब्यातल्या मूर्ती खोट्या, तेव्हा वाडवडिलांच्या श्रद्धेला धक्का बसतोच. पण पेढीवर बसलेल्यांच्या पोटातही गोळा येतो.

सन ६२२ मध्ये पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले. मार्च ६२४ मध्ये अबू सुफियान शामहून मोठा तांडा घेऊन परतत होता. जुन्या चरित्रकारांच्या हिशेबाने उंट हजारभर, माल पन्नास हजार दिनारांचा. वाटेत मुसलमानांची तुकडी टपून आहे अशी कुणकुण लागली. हा गडी तांड्याच्या पुढे जाऊन बद्रच्या पाणवठ्यावर पोहोचला. तिथे उंटांच्या लेंड्या पडल्या होत्या. त्याने एक उचलली, हाताने फोडली. आत खजुराच्या बिया. हा चारा मदिनेचा! तत्काळ त्याने वाट बदलली आणि तांडा समुद्रकाठाने सुखरूप मक्केकडे काढला. कर्जमंजुरीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग शिकवला असता.

पण त्याच्याच हाकेवरून मक्केहून मदतीची फौज निघाली होती. त्याने निरोप धाडला : माल वाचला आहे, परत फिरा. अबू जहलने ऐकले नाही. बद्रला जाऊ, तीन दिवस उंट कापू, मद्य पिऊ, गाणी ऐकू, साऱ्या अरबस्तानाला आपला दरारा कळू दे, असा त्याचा हट्ट. हजाराच्या आसपासची ती फौज तीनशेवर थोड्या मुसलमानांकडून हरली. सुमारे सत्तर मक्कावासी पडले, तितकेच कैद झाले. अबू जहल गेला. अबू सुफियानची बायको हिंद हिचा बाप, काका आणि भाऊ गेले. अबू सुफियानचा मुलगा हंझला पडला आणि दुसरा, अम्र, कैदी झाला.

कैद्यांना खंडणी घेऊन सोडणे चालू होते. अबू सुफियान म्हणाला, एक मुलगा मेला आणि वर दुसऱ्यासाठी पैसेही मोजू? रक्तही माझे आणि रक्कमही माझी? पुढे मदिनेचा एक वृद्ध यात्रेकरू मक्केत आला, तेव्हा त्यालाच अडकवून त्याने मुलाची अदलाबदल केली. यात्रेकरूला हात न लावण्याचा रिवाज त्याने मोडला. मला आवडणाऱ्या माणसाच्या खात्यावरची ही नोंद लपवण्यासारखी नाही.

बद्रचा सूड घेतल्याशिवाय डोक्यावरून पाणी घेणार नाही, अशी शपथ त्याने वाहिली. दोनशे स्वार घेऊन मदिनेच्या कडेला किरकोळ जाळपोळ केली आणि पाठलाग सुरू होताच ओझे हलके करण्यासाठी शिधा टाकत पळाला. शिधा होता सातूच्या पिठाचा. म्हणून अरबी इतिहासात त्या मोहिमेचे नावच ‘सातूची स्वारी’ पडले आहे.

खरा सूड उहुदच्या डोंगरापाशी, मार्च ६२५ मध्ये. वाचवलेल्या तांड्याचा नफा त्या मोहिमेत ओतला होता. मक्केचे तीन हजार, मुसलमान सातशेच्या आसपास. पैगंबर जखमी झाले, त्यांचे काका हम्झा मारले गेले, आणि प्रेतांची विटंबना झाली. हिंदचे नाव त्यात घेतले जाते. अबू सुफियानने ओरडून सांगितले, की हा बद्रचा वचपा. विटंबनेचा हुकूम आपण दिला नव्हता, पण तिचे वाईटही वाटले नाही, असेही तो म्हणाला. मात्र जिंकूनही तो मदिनेवर चालून गेला नाही.

दोन वर्षांनी, ६२७ मध्ये, तो दहा हजारांची जमवाजमव घेऊन आला. मुसलमानांनी सलमान या इराणी साथीदाराच्या सल्ल्याने मदिनेभोवती खंदक खणून ठेवला होता. वेढा रेंगाळला, मित्र फुटू लागले, आणि एका रात्री गार वाऱ्याने तंबू आणि चुलीवरची भांडी उलथून टाकली. अबू सुफियानने निघण्याचा निर्णय इतक्या घाईत घेतला, की उंटाच्या पायातली दोरी सोडायच्या आतच तो त्याच्या पाठीवर बसला. मला वाटते, त्या रात्रीच त्याने मनातल्या मनात हे खाते बुडीत धरले.

मार्च ६२८ मध्ये हुदैबिया येथे तह झाला. तहाच्या काळात तो शामला व्यापाराला गेला असता रोमन बादशहा हेराक्लियसने त्याला बोलावून नव्या पैगंबरांविषयी खोदून विचारले. घराणे कसे? अनुयायी श्रीमंत की गरीब? कधी खोटे बोलले? शत्रूने शत्रूविषयी काय सांगायला हवे होते! पण हा प्रत्येक उत्तर खरे देत गेला. का, तेही त्यानेच नंतर सांगितले : मागे आपलीच माणसे उभी होती, खोटे बोललो तर गावात बोभाटा होईल. माणूस देवाला भीत नसेल, पण पतीला भीत होता.

तह मोडला तो मक्केच्या दोस्त टोळीने मुसलमानांच्या दोस्तांवर हल्ला केल्यामुळे. तो सांधण्यासाठीच म्हातारा मदिनेला आला होता आणि प्रथम लेकीकडे गेला होता. पुढे पैगंबर गप्प राहिले. अबू बक्र, उमर, अली यांपैकी कोणी शब्द टाकेना. शेवटी त्याने फातिमाला विनवले, की निदान तुझ्या लहानग्या हसनने तरी अभयाचा उच्चार करावा! टोळीचा पुढारी एका पोराच्या शब्दावर येऊन ठेपला होता.

जानेवारी ६३० मध्ये मक्केबाहेरच्या टेकड्यांवर दहा हजारांच्या छावणीच्या शेकोट्या पेटल्या. अंदाज घ्यायला बाहेर पडलेल्या अबू सुफियानला पैगंबरांचे काका अब्बास यांनी खेचरावर मागे बसवून छावणीत नेले. तिथे त्याने इस्लाम स्वीकारला. अब्बास म्हणाले, या माणसाला मान प्रिय आहे, त्याला काहीतरी द्या. पैगंबरांनी जाहीर केले, की जो अबू सुफियानच्या घरात शिरेल त्याला अभय. काब्याजवळ आणि स्वतःच्या बंद दाराआड राहणाऱ्यांनाही अभय होतेच. त्यामुळे या सवलतीची व्यवहारात गरज नव्हती. गरज होती ती हरलेल्या म्हाताऱ्याला आपल्या गावात ताठ मानेने परत जाण्यासाठी.

तो गावात आला आणि ओरडून ही घोषणा करू लागला, तेव्हा हिंदने धावत येऊन त्याची मिशी पकडली आणि या तुपाच्या बुधल्याला मारा, असा आरडाओरडा केला. तो एवढेच म्हणाला, की हिच्या नादी लागू नका. मक्का जवळपास रक्तपाताशिवाय पडली. हीच हिंद पुढे मुसलमान झाली आणि पैगंबरांकडे तक्रार घेऊन गेली : नवरा चिक्कू आहे, त्याच्या नकळत पैसे घेतले तर चालेल का? तुला आणि मुलांना रीतीने पुरेल इतके घे, असा निर्णय मिळाला.

या कथा सांगणारे इब्न इसहाक सन ७६७ च्या सुमारास वारले. तेव्हा अबू सुफियानच्या कुळाचे उमय्या राज्य उलथून अब्बासांचे वंशज गादीवर होते. खेचरावरचे अब्बास इतके उदार आणि मागे बसलेला इतका बापुडवाणा दिसतो, तो थोडा त्यामुळेही असेल. या म्हाताऱ्याविषयी वाचताना मी तेवढी वजावट नेहमी करतो.

त्याच्या घराला मात्र व्याजासकट मिळाले. मुलगा मुआविया ६६१ मध्ये खलिफा झाला आणि उमय्या कुळाने ७५० पर्यंत राज्य केले. नातू याझिद याच्या फौजेने ६८० मध्ये करबला येथे पैगंबरांचे नातू हुसैन यांना मारले. मोहरमात आपल्या गावागावांतून जे ताबूत निघतात, ज्यांच्यापुढे कित्येक ठिकाणी हिंदूही नवस फेडतात, त्यांच्यामागचा शोक याच दोन घरांमधला.

हे पाहायला अबू सुफियान नव्हता. एक डोळा ताइफच्या वेढ्यात आणि दुसरा यरमूकच्या लढाईत गेला, असे परंपरा सांगते. दोन्ही वेळा तो मुसलमानांच्या बाजूने उभा होता. तो वारल्याची बातमी आल्यावर तिसऱ्या दिवशी उम्म हबीबाने पिवळे सुगंधी द्रव्य मागवले, गालांना आणि हातांना चोळले. मला याची काही हौस नाही, असे ती म्हणाली. पण नवऱ्याखेरीज कोणाचेही सुतक बाईने तीन दिवसांपलीकडे धरू नये, असे पैगंबरांनी सांगितले होते.