जखिणवाडी : एका गावनावाचा मागोवा

कराडनजीक आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तेथील गावाचे नाव जखिणवाडी. आज 'जखीण' म्हटले की केस मोकळे सोडलेले भूत डोळ्यांपुढे येते, आणि भांडणात स्त्रीला तोच शब्द शिवीसारखा लावला जातो. हा शब्द पाली 'यक्खिनी'पासून आला, असे सांगण्याचा मोह आपल्याला होतो. परंतु ते शास्त्राला धरून नाही. आरंभीच्या 'य'चा 'ज' होणे हे महाराष्ट्री प्राकृताचे लक्षण होय. 'यक्षिणी', 'जक्खिणी', 'जखीण' अशी ती वाट आहे; पाली शब्द तिचा जनक नव्हे, भगिनी. शिवाय यक्षिणी जैन व ब्राह्मणी परंपरेतही आहेत, तेव्हा केवळ नावावरून गावावर हक्क सांगता येणार नाही.

शिलालेखांचा पुरावा मात्र निःसंदिग्ध आहे. कराडचे प्राचीन नाव करहाकट. रायगड जिल्ह्यातील कुडा येथे करहाकडच्या महिक नावाच्या 'लोहवाणिया'ने, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याने, लेणे दान दिले. त्याआधी, मध्य प्रदेशातील भरहुतच्या स्तूपाला करहकट निगमाने दान दिल्याचे तेथे कोरलेले आहे. त्याच स्तूपाच्या कठड्यावर नावानिशी कोरलेल्या यक्षिणी उभ्या आहेत, अंगभर अलंकार ल्यालेल्या. त्यांत भयानक असे काही नाही. संयुत्तनिकायाच्या यक्खसंयुत्तातील पियंकराची आईही यक्खिनीच. पहाटे अनुरुद्ध थेर धम्मपदे म्हणत असता ती आपल्या लेकराला गप्प करते, कारण तिला ती ऐकायची असतात.