आजीचं कार्ड भिजलं तर?

अहेरी तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘आजीचं पेसमेकरचं कार्ड पावसात भिजून अक्षरं गेली. मशीन कुठल्या कंपनीचं, कुणालाच आठवत नाही. आता तपासणी कशी होणार?’

होईल, काळजी नको. मॉडेल आणि सिरियल नंबर मशीनच्या स्मृतीतच असतात. छातीवर प्रोग्रामरचा, म्हणजे पेसमेकर वाचणाऱ्या यंत्राचा, वँड ठेवला की ते पडद्यावर येतात. अडचण एवढीच, की एका कंपनीचा प्रोग्रामर दुसरीचं मशीन वाचत नाही. म्हणून आधी छातीचा साधा एक्स-रे काढायचा. मशीनचा आकार आणि त्यात उमटणारी अक्षरखूण पाहून जाणकार डॉक्टर कंपनी ओळखतात. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळी मशीनच्या खोक्यातलं स्टिकर केस पेपरवर चिकटवतात. जिथे मशीन बसवलं तिथे ती फाइल मागा. सरकारी योजनेतून बसवलं असेल तर त्याची कागदपत्रंही असतात. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता.

पण फाइल शोधायची कशावरून? नावावरून शोधायला गेलात तर आपल्याकडे मडावी आणि आत्राम किती! त्यात सॉफ्टवेअरमध्ये नाव इंग्रजीत टाइप होतं. आत्राममध्ये सुरुवातीला एक ‘ए’ की दोन, हे टाइप करणाऱ्यावर ठरतं. एकाच बाईच्या दोन नोंदी तयार होतात आणि जुन्या तपासणीचे आकडे दुसऱ्याच नोंदीत पडून राहतात. मोबाइल नंबर नातवाचा, तोही बदललेला. आरोग्य ओळखीचा १४ आकडी आभा क्रमांक असेल तर उत्तम, पण पेसमेकरच्या रुग्णाची नोंद मशीनच्या सिरियल नंबरवरूनही उघडलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कंपनी एखादा भाग परत बोलावते तेव्हा तर मॉडेल आणि सिरियल नंबरांवरच सगळं अवलंबून असतं. ऑक्टोबर २००७ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीने छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरची स्प्रिंट फिडेलिस ही वायर तुटण्याच्या धोक्यामुळे बाजारातून काढून घेतली. तोवर जगभरात सुमारे २ लाख ६८ हजार वायर बसवल्या गेल्या होत्या. ज्या क्लिनिकच्या नोंदीत वायरचं मॉडेल स्वतंत्र रकान्यात होतं, त्यांना यादी लगेच काढता आली असणार. जिथे ते डॉक्टरांच्या टिपणात कुठेतरी लिहिलेलं होतं, तिथे फाइल अन् फाइल उघडावी लागली असणार.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि नागपूर तिथून तीनशे किलोमीटरहून लांब. नोंद फक्त नागपूरच्या संगणकात असून चालणार नाही. गावात नोंद जपणं इथे नवं नाही. ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूतांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची देखभाल केली, त्यांच्या नोंदी ठेवल्या, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला अभ्यास त्यातूनच उभा राहिला. मग आशाताईंच्या रजिस्टरमध्ये मशीनचं मॉडेल, सिरियल नंबर, बसवल्याची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख, एवढ्या चार गोष्टी सहज मावतील.

तेव्हा आजींना नवं कार्ड मिळालं की दोन्ही बाजूंचे फोटो काढून घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलवर ठेवा, एक झेरॉक्स आशाताईंकडे द्या. आणि एक्स-रेची फिल्म टाकून देऊ नका. पुढच्या तपासणीला ती सोबत न्या.